रविवार आणि चौक

सुट्टीचा रविवार टीव्हीसमोर लोळण्यात जातो, ही तक्रार घरोघरची. आशागडसारख्या गावी तरी ती नसावी. सकाळी पाड्यांवरून पायी हिंडावे, दुपारी मुलांना घेऊन गेरूवर तांदळाच्या पिठाची रेघ बांबूच्या काडीने ओढून पाहावी. संध्याकाळी वारली चित्रांवरचा माहितीपट खुशाल लावावा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. डहाणू तालुक्यातल्याच गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पडद्यावर त्यांचे नाव येते, ते यावेच. पण लग्नघरी पालघट देवीचा चौक पिढ्यान्‌पिढ्या सवाशिणींनी लिहिला. त्यांची नावे पडदा सहसा सांगत नाही. ती शेजारच्या अंगणात जाऊन विचारावी लागतात. आणि काडी स्वतः हाती धरली, की त्या हातांचे मोल कळते.