विश्लेषण : गाण्यांचे फोल्डर उघडताच संगणक का अडकतो? ‘फॉरमॅट मारा’ हाच उपाय आहे का?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतील अनेक घरांमध्ये कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यगीते, कीर्तने, घरातल्या लग्नाची सनई किंवा आजीच्या आवाजातील ओव्या जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. अंधेरी पश्चिमेतील छोट्या डबिंग स्टुडिओंचा तर रोजचा व्यवहारच ऑडिओ फाइलवर चालतो. एखाद्या दिवशी असे फोल्डर उघडताच खिडकी पांढरी पडते, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ हे शब्द दिसतात, खालचा टास्कबार गायब होऊन पुन्हा उगवतो. संगणक दुकानात नेला की अनेकदा पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाका’. पण दोष नेमका कुठे आहे हे न पाहता फॉरमॅट केले, तर संगणक सुरू होईल आणि एकमेव प्रत असलेले ध्वनिमुद्रण मात्र कायमचे जाईल. त्यामुळे हा प्रकार समजून घेणे गरजेचे ठरते.

गाणे वाजवलेच नाही, तरी संगणक का अडकतो?

फोल्डर उघडल्यावर विंडोजचा ‘फाइल एक्सप्लोरर’ फक्त फाइलची नावे दाखवून थांबत नाही. गाण्याचे शीर्षक, गायक, अल्बम, कालावधी आणि मुखपृष्ठाचे छोटे चित्र दाखवण्यासाठी तो प्रत्येक फाइल थोडी उघडून वाचतो. म्हणजे वापरकर्त्याने क्लिक करण्याआधीच फाइलचे वाचन सुरू झालेले असते. हे वाचणारा कोडचा तुकडा चुकीच्या माहितीवर अडखळला, तर एक्सप्लोरर कोसळतो. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि टास्कबार हेही एक्सप्लोररच चालवतो. म्हणून बिघाड एका गाण्यात असला, तरी अख्खा संगणक बंद पडल्यासारखा वाटतो.

फाइलमध्ये नेमके काय बिघडते?

एमपी३ फाइलमध्ये आवाजाबरोबर ‘टॅग’ नावाची माहितीपट्टी असते. १९९६ मध्ये आलेल्या ‘आयडी३’ पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत ही पट्टी फाइलच्या शेवटी अवघ्या १२८ बाइटची होती आणि शीर्षकाला ३० बाइट मिळत. नंतरच्या आवृत्तीत ती फाइलच्या सुरुवातीला आली, तिचा आकार वाढला आणि त्यात चित्रही मावू लागले. या पट्टीत ‘पुढे इतके बाइट माहिती आहे’ असे लिहिलेले असते. डाउनलोड अर्धवट राहिले, पेनड्राइव्ह कॉपी सुरू असतानाच उपटला किंवा एखाद्या सॉफ्टवेअरने टॅग चुकीचा लिहिला, तर हा आकडा आणि प्रत्यक्ष माहिती यांचा मेळ बसत नाही. चांगला प्रोग्राम अशी फाइल सोडून पुढे जातो. कच्चा प्रोग्राम नसलेली माहिती वाचायला जातो आणि कोसळतो.

स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या वेव्ह फाइलची अडचण थोडी वेगळी आहे. तिच्या सुरुवातीला एकूण आकार लिहिण्यासाठी चारच बाइट असतात. त्यामुळे साधी वेव्ह फाइल चार जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ध्वनिमुद्रण साधारण चार तासांत ही मर्यादा गाठते. शिवाय अनेक प्रोग्राम हा आकडा रेकॉर्डिंग संपल्यावर भरतात. मध्येच वीज गेली, तर आवाज डिस्कवर असतो. पण आकाराच्या जागी शून्य किंवा चुकीची संख्या राहते.

दोष फाइलचा की संगणकाचा?

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. एकाच फोल्डरमध्ये संगणक अडकत असेल, तर संशय तिथल्या फाइलवर घ्यावा. कोणत्याही ऑडिओ फोल्डरमध्ये अडकत असेल, तर एक्सप्लोररला जोडलेल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरवर. जुने कोडेक पॅक, म्युझिक प्लेअर, झिप करणारी साधने आपले तुकडे एक्सप्लोररमध्ये बसवतात. राइट क्लिक केल्यावर येणारी लांबलचक यादी ही त्याचीच खूण. अडकण्याबरोबर डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा साधी फाइल कॉपी व्हायलाही फार वेळ लागत असेल, तर दुखणे हार्ड डिस्कचे असू शकते.

यापूर्वी असे घडले आहे का?

होय, आणि ते केवळ गैरसोयीपुरते राहिले नव्हते. १८ डिसेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘एमएस०२-०७२’ हे सुरक्षा पत्रक काढले. विंडोज एक्सपीमध्ये ऑडिओ फाइलची माहिती वाचणाऱ्या भागात त्रुटी होती. मुद्दाम बिघडवलेल्या एमपी३ किंवा डब्ल्यूएमए फाइलच्या चिन्हावर माउस नुसता नेला, तरी एक्सप्लोरर कोसळू शकत होता किंवा हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. गाणे वाजवण्याची गरजच नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये लिनक्सवर असाच प्रकार समोर आला. ऑडिओ सीडीतील गाण्यांची यादी सांगणाऱ्या ‘क्यू’ फाइल वाचणाऱ्या ‘लिबक्यू’ या लायब्ररीत त्रुटी सापडली. ग्नोम डेस्कटॉप ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधील फाइल आपोआप वाचून त्यांची सूची करतो. त्यामुळे अशी फाइल नुसती डाउनलोड होणेही धोक्याचे ठरत होते.

मोबाइल यातून सुटला आहे का?

नाही. व्हॉइस मेसेज ऐकण्याआधीच तो उलगडून मजकुरात रूपांतरित करण्याची सोय फोनमध्ये आल्यापासून तोच प्रश्न तिथेही आला. सॅमसंगच्या काही गॅलेक्सी फोनमधील ‘मंकीज ऑडिओ’ प्रकारची फाइल उलगडणाऱ्या भागातील त्रुटी कंपनीने डिसेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये दुरुस्त केली. ॲपलने एप्रिल २०२५ मध्ये आयओएस १८.४.१ आणून ‘कोअर ऑडिओ’तील त्रुटी बुजवली. निवडक व्यक्तींविरुद्धच्या अत्यंत गुंतागुंतीच्या हल्ल्यात तिचा वापर झाला असावा, असे कंपनीने तेव्हा नमूद केले होते. म्हणून फोनवर येणारे सिक्युरिटी अपडेट ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलू नये.

फॉरमॅट करण्याआधी काय करावे?

सर्वात आधी डिस्कची स्थिती पाहावी. टकटक आवाज, वारंवार गायब होणारा ड्राइव्ह ही लक्षणे असतील तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवून महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. अशा डिस्कवर ‘चेक डिस्क’ चालवल्यास तिच्यावरचा ताण वाढतो.

डिस्क ठणठणीत असेल, तर पुढील क्रम उपयोगी पडतो. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून प्रीव्ह्यू पेन आणि डिटेल्स पेन बंद करावेत. ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ यावर खूण करावी आणि फोल्डरची मांडणी ‘लिस्ट’ ठेवावी. एक्सप्लोरर जितके कमी वाचेल, तितका कमी अडखळेल.

तरीही फोल्डर उघडत नसेल, तर कमांड प्रॉम्प्ट वापरावा. तो फक्त नावे वाचतो, टॅग वाचत नाही. तिथून निम्म्या फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात आणि कोणते फोल्डर अडकते ते पाहावे. अडकणाऱ्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करावेत. ५०० गाण्यांमधील एक बिघडलेली फाइल अशा रीतीने नऊ फेऱ्यांत सापडते. तिचे एक्सटेन्शन तात्पुरते बदलले, की एक्सप्लोरर तिला गाणे मानत नाही आणि फोल्डर उघडते.

सापडलेली फाइल लगेच डिलीट करू नये. अनेकदा बिघाड टॅगमध्ये असतो आणि आवाज शाबूत असतो. मूळ फाइलची प्रत काढून ती व्हीएलसीमध्ये वाजवून पाहावी. आवाज येत असेल, तर एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने टॅग वगळून तोच आवाज नव्या फाइलमध्ये उतरवता येतो. त्यात दर्जा कमी होत नाही. आकाराचा आकडा चुकलेली वेव्ह फाइल ऑडॅसिटीच्या ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ पर्यायाने उघडता येते. त्यासाठी मूळ सॅम्पल रेट आणि बिट माहीत असावे लागतात.

सर्वच फोल्डर अडकत असतील तर?

‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘ॲप्लिकेशन’ नोंदी पाहाव्यात. ‘फॉल्टिंग मॉड्यूल’समोर ज्या फाइलचे नाव येते, त्यावरून अडथळा कोणत्या सॉफ्टवेअरचा याचा अंदाज येतो. जुना कोडेक पॅक काढून टाकावा. नीरसॉफ्टच्या ‘शेलएक्सव्ह्यू’ या मोफत साधनाने मायक्रोसॉफ्टबाहेरची एक्सटेन्शन्स एकेक करून बंद करून पाहता येतात.

ती फाइल गाण्याचीच आहे ना?

हा प्रश्न शेवटी आला असला, तरी अनोळखी फाइलबाबत तो पहिला असावा. विंडोज सुरुवातीपासून एक्सटेन्शन लपवून ठेवते. त्यामुळे नावात एमपी३ आणि त्यापुढे ईएक्सई असे असले, तर फक्त एमपी३ दिसते. एप्रिल २०२५ मध्ये विंडोजवरील व्हॉट्सॲपच्या जुन्या आवृत्त्यांमधील एक त्रुटी जाहीर झाली. त्यात जोडलेली फाइल एका प्रकारची दिसे आणि उघडताना दुसऱ्याच प्रकारची ठरे. लपलेले एक्सटेन्शन दिसावे यासाठी विंडोजमध्ये ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’ दाखवण्याचा पर्याय सुरू ठेवावा. अशा फाइलमुळे खात्यातून पैसे गेल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवावे.

पुढे काय?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा योजनेत नसलेल्या संगणकांना फाइल वाचणाऱ्या भागातील नव्या त्रुटींची दुरुस्ती मिळत नाही. घरातील जुना संग्रह अशाच संगणकावर असेल, तर तो आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवावा आणि एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. कोसळलेला एक्सप्लोरर पुन्हा सुरू होतो, विंडोज पुन्हा टाकता येते. ज्याची दुसरी प्रत नाही, तो आवाज मात्र पुन्हा मिळत नाही.