मिठाच्या माथी मारलेला पेटका

इंदुरातल्या विजय नगरच्या मेघदूत उपवनात सकाळी पळताना कुणाच्या तळव्यात पेटका आला आणि तो बाकावर टेकला, की एक गृहस्थ हमखास तिथे येऊन उभे राहतात. पायाकडे बघत नाहीत, बुटाकडे बघत नाहीत, किती पळालात हेही विचारत नाहीत. खिशातून मिठाची पुडी काढतात आणि निकाल देतात: "मीठ कमी पडलं." परवा ती पुडी त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या एका काकूंच्या हातावर ठेवली. तेव्हाच ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

त्यांचं म्हणणं चार वाक्यांत मावतं. घामातून मीठ जातं. मीठ गेलं की स्नायू आखडतो. म्हणून आधी मीठ-लिंबाचं पाणी, वाटेत पोटभर साधं पाणी आणि शेवटी एक केळं. ज्याला तरीही पेटका आला, त्यानं मीठ पुरेसं घेतलं नाही.

अहो, मीठ रक्तात असतं आणि रक्त साऱ्या अंगातून फिरतं. मग पेटका उजव्याच तळव्यात का येतो? डाव्या पायाला तेच रक्त मिळतं ना? हाताच्या बोटांना, पाठीला, मानेला? कमतरता सगळ्या शरीराची आणि शिक्षा नेमकी पळून दमलेल्या एका स्नायूला, हा कुठला न्याय? बरं, घामाचं म्हणाल, तर जानेवारीत इंदुरात पहाटे पारा कधी दहाच्या खाली उतरतो. स्वेटर घालून दोन फेऱ्या मारणाऱ्याला घाम फुटायच्या आत पेटका येतो, हे मी याच बागेत पाहिलंय. आणि मिठाचा तुटवडा म्हणाल, तर तो या गावात? पोह्यांवर जीरावन मसाला आणि वर मूठभर शेव घेणाऱ्या इंदुरात? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, अंगठा हातानं वर ओढून धरला की पेटका बहुधा तिथल्या तिथे सुटतो. त्या ओढण्यातून मीठ कुठून आत गेलं?

"पण खारट पाणी प्यालो आणि उतरला," असं ते सांगतात. उतरलाही असेल. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या झटक्यांनी पेटका आणला आणि लोणच्याच्या बरणीतलं आंबट-खारट पाणी पाजलं. पेटका सुमारे ८५ सेकंदांत गेला. साध्या पाण्यानं जवळजवळ १३४ सेकंद लागले. पण एवढ्या वेळात ते मीठ रक्तात पोचून कमतरता भरून काढूच शकत नाही. संशोधकांचा तर्क असा, की त्या झणझणीत चवीनं घशातूनच मज्जातंतूंना इशारा जातो. म्हणजे त्यांचा आवडता पुरावा त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो.

केळ्याबद्दल एवढंच: घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, आणि केळ्यात ते नावापुरतं असतं. पोटभर पाण्याबद्दल एवढंच: २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली घसरलं होतं, आणि त्याचा मुख्य संबंध अति पाणी पिण्याशी निघाला.

या बाकावर हे पहिल्यांदा घडत नाही. काही वर्षांपूर्वी इथेच ठासून सांगितलं जायचं, की पळताना पाण्याचा थेंब घेऊ नका, पोटात दुखतं. मग लाट आली ती अनवाणी पळण्याची. डांबरावर अनवाणी पळून आठवडाभर लंगडलेली माणसं मला आठवतात. दर वेळी एकच औषध सगळ्यांना, आणि दर वेळी पाय मात्र कुणीच तपासलेला नसतो.

मिठाची गोष्ट हवेतून आलेली नाही, हेही खरं. १९२३ साली इंग्लंडातल्या खाणकामगारांवर लिहिलं गेलं: उष्ण खाणीत तासन्‌तास घाम गाळून नुसतं पाणी पिणाऱ्यांना पेटके येत आणि मिठानं बरं वाटे. पण आपण खाणीत नाही, चार फेऱ्या मारायला बागेत येतो.

मग कारण काय? १९९७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या मार्टिन श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं मला पटतं: स्नायू दमला की त्याला आवळणारे इशारे वाढतात, सैल सोडणारे कमी पडतात. पुढे २१० आयर्नमॅन स्पर्धकांच्या पाहणीत, २०११ साली, पेटक्याचा संबंध दिसला तो जास्त वेगाशी आणि आधी आलेल्या पेटक्यांशी. पाणी किंवा सोडियम घटण्याशी नाही.

म्हणून उपाय साधे आहेत. अंतर आणि वेग एकदम वाढवू नका. बुटात बोटं पसरायला जागा हवी, नाडी पायाच्या पाठीवर काचू नये. टाचा उचलण्याचा आणि बोटं पसरण्याचा व्यायाम रोज करा. पळताना बोटांनी जमीन पकडू नका. विश्रांतीतही पेटके येत असतील, किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील, तर पुडी नको, डॉक्टर गाठा.

त्या दिवशी मी काकूंचा बूट सोडला, अंगठा वर धरला आणि विचारलं, "आज नेहमीपेक्षा वेगळं काय केलंत?" त्या म्हणाल्या, "नवे बूट आहेत. आणि नातीबरोबर दोन फेऱ्या जास्त पळाले." कारण तिथेच होतं. कुणीतरी विचारायला हवं होतं.