चालता धंदा, नवा मालक



आपल्या सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत मराठी कुटुंबांनी उभे केलेले कितीतरी छोटे धंदे आहेत. कुणाची खानावळ, कुणाचं फरसाणाचं दुकान, कुणाचे आठ-दहा माग, कुणाचं एम्ब्रॉयडरीचं जॉबवर्क. अनेकांची सुरुवात खानदेशातून आलेल्या आजोबांनी किंवा वडिलांनी केली. त्याच गल्ल्यातून आपल्या फिया भरल्या गेल्या, आपण बीई, बीकॉम झालो आणि आता लॅपटॉप घेऊन बसतो. धंदा सांभाळणारे बाबा-काका साठीच्या पुढे गेलेत. “पुढे कोण बघणार?” हा प्रश्न घरात प्रत्येकाच्या मनात असतो, पण जेवायला बसल्यावर तो कुणी काढत नाही.

मग होतं काय? दोन-तीन वर्षं धंदा हळूहळू उतरतो, कारागीर सोडून जातात आणि एक दिवस शटर बंद होतं. यंत्रं भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातात. तीस-चाळीस वर्षं जोडलेली गिऱ्हाइकं, नाव, हाताची चव, यांचे मात्र कुणीच पैसे देत नाही. हाच धंदा चालू असताना विकला असता तर? “बापाचा धंदा विकला” असं लोक म्हणतील, ही भीती आड येते.

दांडेकरांचं उदाहरण

आपण सगळेच ज्या कंपासपेटीवर आणि रंगांवर वाढलो, त्या कॅमलिनची गोष्ट बघा. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाई बनवायला सुरुवात केली. पुढे सुभाष दांडेकरांनी चित्रकलेच्या साहित्यात कंपनी मोठी केली. २०११ साली, म्हणजे ८० वर्षांनी, कंपनीचा अर्ध्याहून जास्त हिस्सा कोकुयो या जपानी कंपनीकडे गेला. ही कोकुयो १९०५ मध्ये हिशेबाच्या वह्यांची कव्हरं बनवण्यापासून सुरू झालेली. म्हणजे शाईवाल्यांना वहीवाला भेटला! विक्रीनंतरही दांडेकर मंडळी कारभारात राहिली आणि कंपनीचं नाव झालं कोकुयो कॅमलिन. उंट अजून रंगपेटीवर आहे.

यात आपल्यासारख्यांना घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. धंदा चालू असताना सौदा झाला, घेणारा त्याच क्षेत्रातला होता आणि जुना मालक दुसऱ्या दिवशी गायब झाला नाही.

दुसरं उदाहरण बिसलेरीचं. रमेश चौहान यांनी १९९३ मध्ये थम्स अप, लिम्का वगैरे ब्रँड कोका-कोलाला विकले होते. २०२२ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, बिसलेरीसाठी टाटांशी बोलणी चालल्याची बातमी आली. मार्च २०२३ मध्ये ती बोलणी थांबली आणि कंपनी चौहान कुटुंबाकडेच राहिली. एवढ्या मोठ्या घराचा सौदाही फिसकटू शकतो. तेव्हा आपल्याकडे पहिला खरेदीदार मागे फिरला तर खचून जायचं कारण नाही.

नेमकं काय विकतोय?

इथे बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. समजा, एका फरसाणाच्या दुकानाचा वर्षाचा नफा १२ लाख दिसतो. पण काका सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दुकानात असतात आणि मसाल्याचं प्रमाण काकूंच्या हातात आहे. दोघांनाही पगार नाही. गाळा स्वतःचा, म्हणून भाडं नाही. आता खरेदीदाराच्या बाजूने बघा. त्याला काकांच्या जागी महिना ३० हजारांचा माणूस लागेल, म्हणजे वर्षाचे ३ लाख ६० हजार. काकूंच्या जागी २० हजारांचा कारागीर, म्हणजे २ लाख ४० हजार. गाळ्याचं भाडं महिना २० हजार, म्हणजे आणखी २ लाख ४० हजार. १२ लाखांतून हे ८ लाख ४० हजार वजा केले की उरतात ३ लाख ६० हजार. तीन वर्षांच्या नफ्याइतकी किंमत मागायची ठरवली, तर काकांच्या मनात ३६ लाख असतात आणि खरेदीदाराच्या मनात १० लाख ८० हजार, शिवाय यंत्रं आणि शिल्लक माल. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. काका ज्याला नफा म्हणतात, त्यात त्यांचा आणि काकूंचा न घेतलेला पगार आहे.

आकडा ऐकून वाईट वाटतं, पण यातच एक वाटही आहे. गाळा विकू नका, धंदा विका आणि गाळा नव्या मालकालाच भाड्याने द्या. म्हातारपणी महिन्याचं उत्पन्न सुरू राहतं आणि खरेदीदारालाही एकरकमी मोठी रक्कम उभी करावी लागत नाही.

अजून एक. धंद्याचा बराच भाग रोखीत असेल आणि रिटर्नमध्ये दिसत नसेल, तर तो किमतीतही दिसणार नाही. “खरा गल्ला वेगळा आहे” यावर कुठली बँक कर्ज देत नाही. म्हणून विकायच्या आधीची निदान तीन वर्षं चोपडा स्वच्छ हवा.

बाबांचं नॉलेज ट्रान्सफर

आयटीत कुणी नोकरी सोडली की नोटीस पिरियडमध्ये त्याच्याकडून सगळं काम लिहून घेतात. ४० वर्षं धंदा केलेल्या बाबांकडून मात्र आपण एक कागदही लिहून घेत नाही. आपली पिढी इथे खरोखर कामाला येऊ शकते. एक साधी एक्सेल शीट उघडा. माल कुणाकडून, कोणत्या भावाने? कोणतं गिऱ्हाईक महिन्याने पैसे देतं, कोणतं तीन महिन्यांनी? श्रावणात काय जास्त खपतं, दिवाळीच्या किती आधी माल भरायचा? मशीन अडलं तर कुणाला फोन? रेसिपी ‘अंदाजाने’ न लिहिता ग्रॅममध्ये लिहा. पंधरा दिवस बाबा गावाला गेले आणि दुकान तरीही नीट चाललं, तर समजा की आता विकण्याजोगं काहीतरी तयार झालंय.

खरेदीदार कुठे शोधायचा?

बरेचदा तो आपल्या ओळखीतच असतो. कच्चा माल देणारा व्यापारी, शेजारच्या भागातला त्याच धंद्यातला माणूस, ज्याला दुसरी शाखा हवी आहे, किंवा नात्यातला एखादा होतकरू मुलगा. पण सगळ्यांत आधी आपल्या जुन्या कारागिराकडे बघा. १५-२० वर्षं तो ते काम करतोय, गिऱ्हाइकं त्याला ओळखतात. त्याच्याकडे पैसे नसतात, हे खरं. मग काही रक्कम आधी आणि उरलेली तीन वर्षांच्या हप्त्यांत, असा लेखी करार करता येतो. यंत्रं आणि खेळतं भांडवल यांसाठी मुद्रा योजनेत कर्जाची सोय आहे. बाहेरच्या कुणाला विकलं तरी त्या कारागिराचं काय होणार, हे बोलणी सुरू असतानाच विचारा. जुन्या माणसांची ग्रॅच्युइटी लागू होत असेल, तर तो हिशेब सौद्याआधी मोकळा करा.

बोलणी होईपर्यंत गवगवा मात्र नको. सुरतेचा व्यापार उधारीवर आणि शब्दावर चालतो. “ते दुकान काढतायत” एवढं कानावर गेलं की देणेकरी दारात येतात आणि येणी देणारे फोन उचलत नाहीत. जुनी उधारी सौद्यात न घालता स्वतःच वसूल केलेली बरी.

कागद आणि घरचे

धंदा चालता, म्हणजे सगळ्या मालमत्तेसह आणि देण्यांसह हस्तांतरित केला, तर त्या हस्तांतरावर जीएसटी लागत नाही. यंत्रं आणि माल सुटे विकले तर लागतो. शिल्लक इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून नव्या मालकाकडे जाऊ शकतं. जीएसटी नोंदणी मात्र त्याला स्वतःच्या नावाने घ्यावी लागते. विकण्याआधीच्या थकीत जीएसटीची जबाबदारी खरेदीदारावरही येऊ शकते, म्हणून तो सगळी चलनं मागेल. त्याचा राग मानू नका. दुकानाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असेल तर तेही लेखी हस्तांतरित करावं लागतं. सीए आणि वकिलाची फी इथे वाचवू नका.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. धंदा बाबांनी स्वतः उभा केलेला आणि त्यांच्या नावावर असेल, तर निर्णय त्यांचा. पण तो एकत्र कुटुंबाचा असेल, तर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर आई, आजी असल्यास आजी, आणि सगळी मुलं-मुली समान वाटेकरी. जळगावला किंवा नाशिकला दिलेल्या बहिणीला सौदा झाल्यावर फक्त सहीपुरतं बोलावू नका. आधी विचारा. कदाचित तिलाच किंवा भाचीलाच धंदा चालवायचा असेल! आपण तिला कधी विचारलेलंच नसतं.

या दिवाळीत सुट्टीसाठी घरी याल, तेव्हा लाभपाचमेला दुकान पुन्हा उघडायच्या आधी बाबांजवळ तासभर बसा. “विकताय का?” असं विचारू नका. “अजून किती वर्षं करायची इच्छा आहे?” असं विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. ते तीन वर्षं म्हणाले, तर कामाला लागायची वेळ आजच आहे.

तुमच्या घरच्या धंद्याचं असं हस्तांतर झालं असेल, तर मंडळाकडे जरूर लिहून पाठवा. इतर घरांना त्याचा उपयोग होईल.