कपल आणि कोयता

‘अनटच्ड बीच’. मॉरिशसच्या हनिमून पॅकेजच्या रंगीत पत्रकावर हे शब्द ठळक छापलेत. कुणाचा स्पर्श न झालेला किनारा. वा रे वा! हजारो वर्षं आमचा स्पर्श नको म्हणून पाणवठे बंद, देवळं बंद, वाटा बंद. आणि आता तीच भाषा समुद्राला लावून विकायला काढली. पाच रात्री, सहा दिवस, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. स्पर्श न झालेला माणूस विटाळ, स्पर्श न झालेली वाळू मात्र लाखाच्या भावात.

दोस्तांनो, या पॅकेजवर गेलेलं जोडपं परकं नाही. आपल्यातलंच आहे. तो बँकेत अधिकारी, ती सरकारी खात्यात इंजिनियर. दोघांचे आजे गावकीची कामं करून मेले. दोघंही शिकली, नोकरीला लागली, बुद्धवंदना घेऊन लग्न केलं, हुंडा नाही, मानपान नाही. मग विमानानं मॉरिशसला गेली. परत आल्यावर बैठकीत फोटो दाखवले. पाण्यात पाय सोडून बसलेली दोघं, पलंगावर टॉवेलाचे दोन हंस, हंसांच्या चोचीला चोच, भोवती लाल फुलं. एका फोटोत पाठीमागं काळाकभिन्न सरळ कडा. “भाऊ, हा डोंगर बॅकग्राउंडला मस्त येतो,” तो म्हणाला. आणि ती म्हणाली, “सगळ्यात बरं काय वाटलं सांगू? तिथं कुणी आडनाव विचारत नाही.”

या वाक्याला हसू नका. कॉलेजात, होस्टेलात, भाड्याची खोली शोधताना, ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर जिला आडनावाची परीक्षा द्यावी लागली तिलाच ठाऊक, सहा दिवस ती परीक्षा नसणं म्हणजे काय. आणि सवर्ण मंडळी जे कुजबुजतात — ‘आरक्षणाच्या पैशावर मॉरिशस!’ — त्यांना उत्तर एकच: तुमचा आजा कुणाच्या पैशावर महाबळेश्वरला जात होता? वतनाच्या, सावकारीच्या. आमची पोरं स्वतःच्या पगारावर गेली. कष्टकऱ्याला सुट्टी मिळावी ही तर बाबासाहेबांचीच मागणी. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारं बिल त्यांनी मांडलं, १९४५ साली त्याचा कायदा झाला. त्याआधी गिरणीतल्या मजुराला सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी. तेव्हा समुद्रात पाय सोडून बसायचा हक्क आपला आहे. तो कुणाच्या बापाकडून मागून घेतलेला नाही.

भांडण आहे ते दुसऱ्याच गोष्टीशी. ते टॉवेलाचे हंस कुणी केले?

मी तिला विचारलं. ती म्हणाली, “हाऊसकीपिंगनं.” नाव? “विचारलं नाही. दिसतच नाहीत हो ती माणसं. आपण नाश्त्याला गेलो की खोली होऊन जाते.”

बघा, इथंच मेख आहे. न दिसणं हाच त्या नोकरीचा नियम. पाहुणा बाहेर पडला की शिरायचं, यायच्या आत निघायचं. घाण दिसू नये आणि घाण काढणाराही दिसू नये. आपल्याकडं गावाला झाडलोट पाहिजे होती, मेलेलं ढोर ओढायला पाहिजे होतं, पण ओढणाऱ्याची सावली नको होती. फरक आहे, मान्य. तिथल्या बाईला पगार आहे, युनिफॉर्म आहे, तिच्या पोराला शाळा आहे. पण जो पाहुणा आहे त्याच्या डोळ्याला जी सवय लागते ती जुनीच. सेवा दिसते, सेवा करणारा दिसत नाही. जात ही श्रमाची वाटणी नसून श्रमिकांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. आपली पोरं वाटणीच्या तळातून वर आली आणि सहा दिवसांत वरच्याची नजर शिकून आली. त्यासाठी वर्गणी भरून कुठल्या शिबिराला जावं लागलं नाही. खोलीच्या भाड्यातच शिकवणी धरलेली असते. दलित ब्राह्मण असाच तयार होतो, शेंडी न ठेवता.

आता तो डोंगर. त्याचं नाव ल मॉर्न. मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेला, ५५६ मीटर उंच. फ्रेंचांच्या आणि मग इंग्रजांच्या ऊसमळ्यांवरून पळालेले गुलाम या कड्याच्या कपारीत राहत. मादागास्करचे, मोझांबिकचे, हिंदुस्थानातूनही गुलाम नेले होते. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगतात. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी रद्द झाली. ही खबर द्यायला पोलीस डोंगराकडं निघाले. वर लपलेल्यांना वाटलं, धरायला आले. परत मळ्यावर जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कथा आहे, सरकारी दप्तरात नोंदलेली नाही. गुलामाचं दप्तर ठेवतो कोण? मालकाचं दप्तर मात्र चोख होतं. गुलामी रद्द झाली तेव्हा मॉरिशसच्या मालकांना नुकसानभरपाई मिळाली, वीस लाख पौंडांवर. ६० हजारांवर माणसं सुटली, त्यांना छदाम नाही. मालमत्ता गेली म्हणून मालकाला पैसे, आणि जी मालमत्ता म्हणून जगली तिला रस्ता मोकळा.

डोंगराच्या पायथ्याशी त्रू शनीय नावाची वस्ती होती, गुलामांच्या वंशजांची. ती तिथून उठली. लोक आता दूर ल मॉर्न गावात राहतात, जुन्या वस्तीच्या जागी उघड्यावरचं संग्रहालय आहे, आणि त्याच टोकावर समुद्राच्या कडेनं पंचतारांकित रिसॉर्टं. २००८ साली युनेस्कोनं डोंगराला जागतिक वारसा ठरवलं. म्हणजे डोंगर वारसा झाला, वारस गावाबाहेर. ‘अनटच्ड’ किनारा कसा तयार होतो याची ही कृती आहे. आधी माणसं उठतात, मग पत्रक छापतात.

गुलाम सुटल्यावर ऊस तोडणार कोण? तिथं आपण येतो. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले, छोटा नागपूरकडचे डोंगरी लोक. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख. कलकत्त्याहून, मद्रासहून, आणि मुंबई बंदरातूनही. रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची माणसं जहाजात बसली. त्यांची पतवंडं आजही तिथं मराठी म्हणवतात, शाळेत मराठी शिकतात. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. आणि एक नियम होता, इंग्रजीत त्याला ‘डबल कट’ म्हणत: एक दिवस कामावर आला नाहीस तर दोन दिवसांचा पगार कापला. करार संपलेल्यालाही फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे. पास नाही सापडला तर भटक्या म्हणून तुरुंग. आज पाहुण्याच्या मनगटाला रिसॉर्टवाले रंगीत पट्टी बांधतात आणि पाहुणा ती घरी येईपर्यंत काढत नाही, कौतुकानं.

बंदरावर उतरलेल्या मजुराच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण आणि जात. समुद्र ओलांडला तरी रकाना सुटला नाही. आजही तिथल्या हिंदूंत वैश आहेत, बाबूजी-महाराज आहेत, आणि तळाशी रविवेद आहेत. निवडणुकीत तिकीट वाटताना कुणाची किती डोकी ते मोजलं जातं. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जात देशाबाहेर जाण्याचा धोका सांगून ठेवला होता. तेव्हा वहिनी, तिथं आडनाव विचारलं नाही कारण तुमच्या हातात कार्ड होतं. रिसॉर्टच्या फाटकाबाहेर दोन मैल चालला असतात तर विचारणारे भेटले असते.

‘डबल कट’ ऐकून बीडच्या पोरांचे कान टवकारले असतील. आपल्याकडं त्याला ‘खाडा’ म्हणतात. ऊसतोडीला गेलेला मजूर एक दिवस आजारी पडला तर मजुरी तर बुडतेच, वर मुकादम दंड लावतो. आणि ऊसतोडीत माणसं मोजतात कशी? नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडप्याला. हेही कपलच की! त्यांचंही सहा महिन्यांचं पॅकेज आहे: पाचटाची कोपी, पहाटेचा थंडगार फड, डोक्यावर मोळी. बाईला पाळी आली म्हणून खाडा परवडत नाही. एकट्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली, हे राज्य सरकारनं २०१९ साली नेमलेल्या समितीनं मोजलं. दलित, बंजारा, वंजारी बायका. विशीतल्या, तिशीतल्या. यांचा हनिमून कुठल्या पत्रकात छापता?

विषय सोडून बोलतोय असं वाटेल. नाही. मॉरिशसचं रिसॉर्ट उसाच्याच फडातून उगवलं आहे. मूठभर गोऱ्या घराण्यांकडं मळे होते. त्यांतल्या काही घराण्यांनी साखरेच्या पैशातून हॉटेलं काढली. २००६ नंतर युरोपनं साखरेचा भाव पाडला, २००९ ला जुना करार संपला, आणि उसाच्या जमिनीत गोल्फची मैदानं, बंगले वाढत गेले. २००२ सालच्या योजनेत परदेशी श्रीमंताला तिथं बंगला घेता येऊ लागला, किंमत किमान पाच लाख डॉलर. २००९ साली तिथल्या सरकारनं सत्य आणि न्याय आयोग नेमला, २०११ ला त्याचा अहवाल आला. आमची जमीन लुबाडली, अशा शेकडो कुटुंबांच्या तक्रारी आयोगापुढं आल्या. अहवाल छापून झाला. जमिनी आहेत तिथंच आहेत.

आणि किनारा? कायदा ऐका. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सार्वजनिक आहे, कुणाही माणसाला चालता येतं. त्यामागची ८१ मीटरची पट्टी फ्रेंच अमदानीपासून सरकारी, तीच हॉटेलांना भाडेपट्ट्यानं दिली जाते. म्हणजे वाळू लोकांची, पण वाळूपर्यंत जायची वाट हॉटेलाची. वाटेवर पहारेकरी. त्यानं नुसतं बघितलं तरी गरीब क्रिओल पोरगं मागं फिरतं.

हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला, महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. कागदावर चवदार तळं आमचं झालं. पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं हजारोंना चालत जावं लागलं, आणि त्या दिवशी डोकी फुटली. मॉरिशसच्या लोकांनीही ओळखलंय की कागद चालत नाही, पाय चालतात. दक्षिणेकडच्या पोंपोनेतचा सार्वजनिक किनारा हॉटेलासाठी दिला तेव्हा तिथली माणसं पुढं आली. त्यांच्या संघटनेचं नावच क्रिओलमध्ये ‘आरेत कोकें नू लाप्लाज’, म्हणजे आमचा किनारा चोरणं थांबवा. आपल्या जोडप्यानं हे नाव ऐकलेलं नाही. रिसॉर्टच्या सहलींच्या यादीत डॉल्फिन होते, रमची भट्टी होती. हे नव्हतं.

एक संध्याकाळ मात्र यादीत होती: सेगा नाच. बुफे चालू असताना रंगीत घागऱ्यातल्या बायका नाचतात, बकऱ्याच्या कातड्याचं रावान वाजतं. सेगा गुलामांचा. दिवसभर ऊस तोडून रात्री मालकाच्या नजरेआड वाजवायचा. आता मालकाच्या हॉटेलात, पाहुण्याच्या ताटाशेजारी वाजतो. आपल्या हलगीचं, तमाशाचं जे झालं तेच. वाद्य हवं, वाजवणारा तोंड उघडून बोलला तर नको. काया नावाचा गायक होता, सेगा आणि रेगे मिसळून गाणारा, पोर्ट लुईच्या गरीब वस्तीतला. फेब्रुवारी १९९९ ला पोलिसांनी पकडला आणि कोठडीत मेला. बेट पेटलं, दिवसेंदिवस. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीचं नाव ज्यांच्या डोळ्यांपुढं आलं त्यांना पुढचं सांगायला नको.

तर मग जायचं नाही का? असं मी म्हटलं नाही. खुशाल जा. विमानात बसा, वाळूत लोळा, फोटो काढा. पण पहाटे उठून त्या डोंगराची पायवाट चढा, ती लोकांना खुली आहे. पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे, सोळा दगडी पायऱ्यांचा. ज्या पायऱ्यांवरून कुली चढले त्या चढा. खोली झाडायला येणाऱ्या माणसाची वाट बघत दहा मिनिटं थांबा आणि नाव विचारा. तो बांगलादेशचा आहे की नेपाळचा की तिथलाच, किती तास काम, आठवड्याची सुट्टी मिळते का, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन कुठल्या किनाऱ्यावर जातो. हंस कुणी शिकवला करायला, तेही विचारा.

येत्या डिसेंबरात आपल्यातली आणखी दोन लग्नं आहेत आणि दोन्हीकडं पॅकेजची चौकशी चालू आहे, असं कळलं. त्यांनी परत आल्यावर वरच्या प्रश्नांची उत्तरं आमच्या पत्त्यावर लिहून पाठवावीत. पुढच्या अंकात छापू. फोटो पाठवू नयेत. स्टेन्सिलवर फोटो उमटत नाही.