बांधकरी

सातबाऱ्यावर नाव असलं की जमीन आपली, असं शहरात राहणाऱ्या माणसाला वाटतं. मलाही पुण्यात बसून तसंच वाटतं. पण सातबारा नाव सांगतो, क्षेत्र सांगतो. ते क्षेत्र कुठून कुठवर, हे त्यावर लिहिलेलं नसतं. रोजच्या व्यवहारात ते बांध सांगतो, आणि बांध हलतो.

तो हलताना कुणी पाहिलेला नसतो. पेरणीआधी शेजारचा ट्रॅक्टर शेवटचं तास जरा बांधाला लावून घेतो. पावसात कड ढासळते, आणि ढासळलेली माती पुढच्या वर्षी त्याच्या रानात जमा होते. बैल होते तेव्हा बांध कोरायला वर्षं जायची. रोटाव्हेटर आल्यापासून हेही काम भराभर उरकतं.

आता हिशेब बघा. मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट. दहा साखळ्या लांबीचा बांध वीतभर सरकला तर गेले अडीचशे चौरस फूट. पाव गुंठाही नाही. आमच्यासारख्या कोरडवाहू रानात तेवढ्यात पायलीभर ज्वारीसुद्धा निघायची नाही. एवढ्यासाठी भाऊ भावाशी बोलायचा थांबतो, कोर्टातला दावा बापाकडून मुलाकडे वारशानं येतो आणि वकिलाच्या फीपायी कधीकधी उरलेलं रानही विकावं लागतं. शहाणी माणसं याला मूर्खपणा म्हणतात. म्हणोत. बांधावर भांडणारा ज्वारी मोजतच नसतो. ‘बापानं राखलेलं याला राखता आलं नाही’ असं पारावर कुणी म्हणालं, तर त्या बोलण्याची किंमत कुठल्या गुंठ्यात मोजायची?

त्यात कायद्यानं एक भुंगा लावून दिलाय. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे दुसऱ्यानं आपल्या हक्काविरुद्ध उघड उघड 12 वर्षं ताबा ठेवला आणि आपण गप्प बसलो, तर दावा करायची मुदत संपते. गावात राहणाऱ्याला याची फिकीर नसते, तो रोज बांधावरून जातो. झोप उडते ती वर्षातून एकदा जत्रेला जाणाऱ्यांची.

आमचे बांधकरी म्हणजे भावकीतलेच तात्या. बांध तेच कोरतात, यात मला शंका नाही. पण आमच्या रानात कुणाची जनावरं शिरली की फोनही त्यांचाच येतो. लिंबाच्या फांद्या कुणी तोडून नेल्या तर भांडायला तेच उभे राहतात. त्यांच्याशी वैर धरलं तर वीतभर जमीन वाचेल आणि बाकीच्या रानाला राखणदार उरणार नाही. शेजारी वाईटच असता तर माझं काम सोपं होतं.

सरकारनं 2023 मध्ये सलोखा योजना आणली. दोघांचे ताबे एकमेकांच्या जमिनीवर किमान 12 वर्षं असतील, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करता येतो. चांगली योजना आहे. आमच्याकडं मात्र अदल नाही, नुसताच बदल आहे.

राहिली मोजणी. भूमी अभिलेखकडं अर्ज करायचा, लगतधारकांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो आणि मग ‘क’ प्रत मिळते. ती कुणाला पटली नाही तर निमताना मोजणी. तीही पटली नाही तर सुपर निमताना. (पेट्रोलची जात वाटते, पण सरकारी शब्द आहे.) एवढं झाल्यावरही खुणेच्या आतला ताबा समोरच्यानं सोडला नाही, की पुन्हा अर्ज आणि दावे आहेतच.

तेव्हा नोटीस जाण्याआधी आपण तोंडानं सांगावं म्हणून फोन केला. म्हटलं, ‘तात्या, सुगी झाली की मोजणी आणायचा विचार आहे. तुम्हाला आधी सांगतोय.’

मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, ‘आण की. फी निम्मी मी भरतो. पण मग माझाही गट घे त्यात. वरच्या बांधकऱ्यानं माझं हातभर खाल्लंय. नाहीतर मी तुझ्याकडं कशाला सरकलो असतो?’


आता अर्ज दोन गटांचा करायचाय. वरच्या बांधकऱ्याला तात्या सांगणार आहेत. त्याच्याही वर कुणीतरी असेलच.