फ्लॅटात आठ रात्री



गेल्या महिन्यात मी आठ रात्री फ्लॅटात काढल्या. दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत, नवी बिल्डिंग, अकरावा मजला. राहणारा आपलाच माणूस, बँकेत साहेब. बायकापोरांना घेऊन गावी निघाला नि म्हणाला, "रात्री झोपायला ये, कुंड्यांना पाणी घाल." मी गोदीतला गडी. शिवडीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत आम्ही सहाजण, संडास मजल्याला सामाईक. म्हणलं, चला, बघू तरी.

खरं सांगतो, सुख लागलं. नळ फिरवला की पाणी. संडासाला रांग नाही. रात्री दोनपर्यंत दिवा लावून लिहिलं, कुणाची झोप मोडली नाही. काही पांढरपेशे लेखक सांगतात, माणुसकी चाळीत असते, फ्लॅटात नसते. त्यांनी पावसाळ्यात पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहावं, मग बोलावं. मला फ्लॅट पाहिजे. माझ्या आईला तर आधी पाहिजे.

पण किल्ली देताना साहेब हळूच बोलला, "खाली रजिस्टरात नुसतं नाव लिही, आडनाव नको. लिफ्टमध्ये फोनवर जयभीम घालू नकोस." हॉलमध्ये पितळेचा गणपती. बाबासाहेब आत, कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने. माझं डोकं सणकलं. साला, ज्याच्यामुळे खुर्ची मिळाली त्यालाच कपाटात कोंडतोस? मग आठवलं, तासाभरापूर्वी रजिस्टरात मीपण अर्धंच नाव लिहून आलो होतो. वॉचमनने मालाच्या लिफ्टकडे बोट केलं, तेव्हाही गप्प बसलो होतो.

साहेब भितो ते उगाच नाही. जागा भाड्याची, करार अकरा महिन्यांचा. याआधी तीन ठिकाणी त्याचं आडनाव ऐकेपर्यंत जागा रिकामी होती. ऐकल्यावर लगेच "पाहुणे येणारेत" झालं.

बिल्डिंगीतून पाच मिनिटं चाललं की राजगृह. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात याच कॉलनीत पुस्तकांसाठी घर बांधलं. त्याआधी १९१७ साली, परदेशातून शिकून आलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला जागा नव्हती. पारशी नाव सांगून धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. दिवस त्यांनी बागेत काढला.

आता आपली घटना काढा. कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. कलम १५ (२) ने दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते सगळ्यांना खुले केले. राहत्या घराचा शब्द त्या यादीत नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा पोटनियम चालतो. संघटना करण्याचा हक्क आहे म्हणून. तो वाद दलिताला अडवण्याचा नव्हता. पण असा निकाल कुणाच्या हातात कशाचं हत्यार होईल, हे कळायला वकील लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन गोष्टींचं. एक, जात बघून घर विकायला किंवा भाड्याने द्यायला नकार देणं हा गुन्हा आहे, असा स्पष्ट कायदा आपण मागायचा. पाणवठा मागितला, देऊळ मागितलं, आता सोसायटीचं गेट. दुसरी, ज्यांचा फ्लॅट मालकीचा आहे त्यांनी दारावर पूर्ण आडनावाची पाटी लावायची. भाडेकरूला उद्या सामान उचलावं लागेल, त्याला मी दोष देत नाही. पण मालकाला कुठला करार आडवा येतो? वरळीच्या बीडीडीत २०२५ पासून ५०० फुटांच्या फ्लॅटांच्या किल्ल्या मिळू लागल्या. आज ना उद्या आमचीही पाळी येईल. तिथे तरी बाबासाहेब हॉलमध्येच लागले पाहिजेत.

साहेबाच्या घरातला फोटो मी हलवला नाही. रस्त्यावर येणार तो, मी नाही. नवव्या सकाळी किल्ली दिली नि गोदीत पाळीला गेलो. रजिस्टरात माझं अर्धं नाव तसंच आहे. ते मला खुपतंय. तुम्ही कुठे कुठे अर्धं लिहून आलात, तेही एकदा आठवा.

जयभीम!