सर्टिफिकेट पोट्ट्यांना, प्रकल्प वाऱ्यावर

राजेहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आपल्याकडे क्लासेसचं नवं पीक आलंय. एमपीएससी झाली, बँकिंग झालं, आता 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट'. फोन उघडला की जाहिरात. पीएमपी करा, लाखांचं पॅकेज घ्या. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं पोरासाठी अशा क्लासची अर्धी फी भरून टाकली आणि मग मला विचारलं, "भाऊ, हे नेमकं असते काय?"

तर आधी ते सांगतो. अमेरिकेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे, १९६९ मधली. तिची ही पीएमपी परीक्षा १९८४ पासून चालते. जगभर मान आहे, त्यात खोटं काही नाही. पण परीक्षेला बसायलाच अनुभव लागतो. इंजिनिअर असाल तर तीन वर्षं, डिप्लोमावाले असाल तर पाच वर्षं प्रत्यक्ष प्रकल्प चालवल्याचा. वर ३५ तासांचं प्रशिक्षण. पास झालात तरी दर तीन वर्षांनी नूतनीकरण. कालपरवा बी.ई. झालेलं पोट्टं या परीक्षेला बसूच शकत नाही. त्याच्यासाठी सीएपीएम नावाची खालची परीक्षा आहे, तिला अनुभव लागत नाही. मला आलेल्या एकाही जाहिरातीत ही ओळ नव्हती. फी भरण्याआधी एवढं विचारा.

पण आज माझं भांडण क्लासवाल्यांशी नाही. क्लासात जे शिकवतात ते चांगलंच आहे. माझा प्रश्न असा, की हे ज्यांना शिकवायला पाहिजे त्यांना सोडून आपण बेरोजगार पोरांना काहून शिकवतोय?

त्या पुस्तकातलं सार आपल्या धानवाल्याला आधीच माहीत आहे. पऱ्हे टाकल्याशिवाय रोवणी होत नाही. चिखलणी झाली नसेल तर पऱ्हे तयार असून उपयोग नाही. रोवणीला बाया कधी मिळतील हे धरून पऱ्ह्यांची तारीख ठरवावी लागते. यातलं एक काम आठ दिवस सरकलं की सगळा हंगाम सरकतो, बाकीची कामं कितीही झपाट्यानं करा. जे काम लांबलं की सगळंच लांबतं, त्या कामांच्या साखळीला इंग्रजीत क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं ही पद्धत काढली. पुढच्याच वर्षी त्यांच्या नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट काढली. सिव्हिलचं कोणतंही पोरगं कॉलेजात हे शिकून बाहेर पडतं. म्हणजे ज्ञान नव्हतं असं कोणी म्हणू नये.

आता चला गोसीखुर्दला.

पहिली प्रशासकीय मान्यता १९८३. किंमत ३७२ कोटी. भूमिपूजन २२ एप्रिल १९८८, पंतप्रधान राजीव गांधींच्या हातून. भंडारा, चंद्रपूर आणि आपला नागपूर जिल्हा मिळून २ लाख ५० हजार ८०० हेक्टर भिजणार होतं. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला, दिल्लीचा पैसा आला. किंमत मधे १८,४९४ कोटी झाली. २०२५ मध्ये राज्य सरकारनं मान्यता दिली तो आकडा २५,९७२ कोटींचा. जवळपास सत्तर पट. महागाई धरा, व्याप्ती वाढली तेही धरा, तरी हिशेब पोटात उतरत नाही.

पैसा कुठे खाल्ला यावर वीस वर्षं बोलून झालं. श्वेतपत्रिका झाली, चितळे समिती झाली, गुन्हे दाखल झाले. ते बोललंच पाहिजे. पण भ्रष्टाचाराच्या त्या आरडाओरड्यात दुसरी गोष्ट दबून गेली, आणि मला ती तितकीच मोठी वाटते. या कामांचा क्रमच चुकत गेला.

धरणाच्या भिंतीत पाणी अडवायचं तर बुडणाऱ्या गावांचं पुनर्वसन आधी. हे साधं आहे. भूमिपूजन १९८८ चं, आणि प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज आलं २०१३ मध्ये. पंचवीस वर्षांनी! तोवर लोक घरं सोडायला तयार नाहीत म्हणून पाणी पूर्ण भरता येत नाही, आणि भरता येत नाही म्हणून प्रकल्प अपूर्ण. वर दोष गावकऱ्यांना. भिंत उभी राहिली तरी कालव्यांची जमीन ताब्यात यायची होती. डाव्या कालव्याचं अस्तरीकरण निकृष्ट ठरलं, परत करायची पाळी आली. मुख्य कालवा झाला तर वितरिका नाही, वितरिका झाली तर शेतापर्यंतची चारी नाही. शेतकऱ्याला मुख्य कालवा बघून काय करायचंय? फोटो काढायचाय?

आणि सगळ्यात भारी म्हणजे आपली नाग नदी. आपल्या शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, आणि तिथून थेट गोसीखुर्दच्या जलाशयात. धरण भरायच्या आधी नागपूरचं सांडपाणी शुद्ध व्हायला हवं होतं, हे कोणत्या वेळापत्रकात लिहिलं होतं? नाग नदीच्या सुमारे १,९०० कोटींच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळाली ती २०२२ च्या आसपास. तिकडचे लोक आपली घाण सहन करताहेत आणि आपण इथे फुटाळ्यावर सेल्फी काढतोय.

मला माहीत आहे, आता कोणी म्हणेल की सरकारी काम असंच असतं. मग याच शहरातली मेट्रो बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये कोनशिला, मार्च २०१९ मध्ये पहिली प्रवासी गाडी, डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण. मधे कोरोना. किंमत ८,६८० कोटी. वेळापत्रक मेट्रोचंही चुकलं, आणि गाड्या रिकाम्या धावतात यावर मी स्वतः लिहिलंय, तेव्हा मला मेट्रोचा भाट म्हणू नका. पण तिथे काय होतं? महामेट्रो नावाची एक कंपनी. पहिल्या टप्प्याच्या जवळपास सगळ्या काळात एकच व्यवस्थापकीय संचालक. आणि फाइव्ह-डी बिम नावाची संगणकी व्यवस्था, ज्यात खांबाच्या चित्रासोबत तो कधी उभा राहणार आणि किती पैसे लागणार हेही जोडलेलं. कुठे काम अडलं ते पडद्यावर दिसायचं, आणि कोणाला विचारायचं ते माहीत होतं.

मेट्रो रस्त्यावरून जाते, धरणात गावं बुडतात, तुलना चुकीची, असंही म्हणाल. बरोबर आहे. धरण अवघड आहे म्हणूनच तिथे हे जास्त पाहिजे होतं. गावं बुडणार हे १९८३ मध्येही माहीत होतं.

गोसीखुर्दच्या अपयशाला एक नाव सांगा बरं. नाही सांगता येत. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ नागपुरात १९९७ पासून आहे, पण अधिकारी येतात, बदली होते, जातात. भूसंपादन महसूलकडे, पुनर्वसन दुसऱ्याकडे, वनजमीन तिसऱ्याकडे, निधी मुंबई-दिल्लीकडे. सगळे आपापल्या टेबलापुरते बरोबर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'हे माझं' म्हणणारा माणूस त्या यादीत कुठेच नाही. पुस्तकात तर पहिल्याच धड्यात असतो तो.

गंमत म्हणजे सरकारला हे सगळं मान्य आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नीती आयोग आणि क्वालिटी कौन्सिलनं प्रकल्प व्यवस्थापनाचा राष्ट्रीय धोरण आराखडा काढला. प्रशिक्षित माणसं नेमा, हा स्वतंत्र व्यवसाय माना, असं त्यात म्हटलंय. प्रकाशन कोणाच्या हातून? आपलेच खासदार नितीनभाऊ गडकरी. त्याच महिन्यात दिल्लीत महामार्ग प्राधिकरणाच्या रखडलेल्या इमारतीच्या उद्घाटनाला त्यांनी जाहीर सुनावलं, की उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यांचे फोटो लावा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या. पण भाऊ, एका इमारतीच्या नऊ वर्षांसाठी फोटो, तर चाळीस वर्षांच्या धरणासाठी काय? अख्खी भिंत लागेल. आपल्याकडे भिंत तयार आहे, वैनगंगेवर.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गोसीखुर्दच्या उरलेल्या कामाला एक प्रकल्प प्रमुख नेमा. काम संपेपर्यंत त्याची बदली नाही. भूसंपादन, पुनर्वसन, कालवे या सगळ्यांचे अधिकारी त्याच्या हाताखाली. अनुभवी माणसालाच मिळणारं ते पीएमपी इथे मागा ना, सरकारी खर्चानं करून घ्या. आणि वितरिकानिहाय वेळापत्रक मराठीत पवनी, भिवापूर, कुहीच्या तहसील कार्यालयाबाहेर लावा. कोणतं काम, कोणत्या तारखेला, कोणाचं नाव, आज कुठवर आलं. दर महिन्याला बदला. याला एक फळा आणि खडू लागतो, २५ हजार कोटी नाही.

हीच मागणी मी या आठवड्यात माहितीच्या अधिकारात प्रश्न करून टाकतोय. उरलेल्या प्रत्येक वितरिकेचं आजचं वेळापत्रक आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद मागणार आहे. त्यासाठी तुमची मदत पाहिजे. लाभक्षेत्रात ज्यांची शेती आहे त्यांनी लिहा. गाव, वितरिकेचं नाव, पाणी शेवटचं कधी आलं. आलंच नसेल तर तसं लिहा. चारी खोदून किती वर्षं कोरडी पडलीय तेही सांगा, आणि जमलं तर फोटो पाठवा.